वेणीतल्या नद्या

पायाला भिंगरी लावलेली बाई आमच्या आत्यासारखी सोलापुरात दुसरी झाली नाही आणि होणारही नाही. जेवताना ती चारदा उठायची आणि जपाची माळ ओढता ओढता दारात कोण आलं ते बघून यायची. मुलींच्या शाळेत ती शिकवायची. पोरींच्या डोक्यात काही राहत नाही म्हटलं की तिचा जीव नुसता तळमळायचा. मग तिनं पाढे सागरगोट्यांवर बसवले. गोटा वर उडवताना ‘बारा साते’ आणि झेलताना ‘चौऱ्याऐंशी’. चुकलं की डाव गेला! भूगोल तर तिनं आमच्या केसांतच घातला. शाळा भरायच्या आधी एकेकीला पाठमोरी बसवून वेणी घालायची. "ही भीमा. मानेशी नीरा मिळाली, पाठीवर माण, कमरेशी सीना. हलू नकोस गं, पूर येईल!" केस असे ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं, पण नद्या पाठ व्हायच्या.

एके वर्षी शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार असं कळलं. आत्या बालविधवा, शिक्षकिणीचं ट्रेनिंग झालेलं नाही. साहेबांचा शेरा वाईट पडला तर नोकरी जाणार आणि उरलेला जन्म नातेपुत्याला दिराच्या चुलीपुढं जाणार. आठवडाभर ती घरात येरझाऱ्या घालत होती. तिला बघून आम्हालाही अन्न गोड लागेना.

साहेबांनी नेमकी विणकराची गंगू उभी केली. "भीमेला कोणत्या नद्या मिळतात?" गंगूनं सवयीप्रमाणं साहेबांकडं चक्क पाठ फिरवली!

"अगं, पाठ काय दाखवतेस?" साहेब कडाडले.

"तुमी वेणी धरा की सायेब, मग सांगते!"

साहेब लालबुंद झाले. "बाई, हा काय पोरखेळ मांडलाय?"

आत्या तरातरा पुढं आली. "साहेब, घरी गेलं की यांची पाटी भावाच्या हातात जाते. पुस्तक तर नसतंच. वेणी तेवढी कुणी काढून घेत नाही."

बोलून गेली, आणि तिचा हात डोक्यावरच्या आलवणाच्या पदराकडं गेला. त्या पदराखाली बाराव्या वर्षापासून केस नव्हते. साहेबांनी नजर खाली घातली. मग हळूच म्हणाले, "सांग पोरी. पाठमोरीच सांग." गंगूनं सगळ्या नद्या घडाघडा सांगितल्या.

आत्याची नोकरी राहिली. घरी साखर वाटली. माझ्या वाट्याची मात्र मी हातातच धरून बसले. केस ओढले म्हणून रोज सकाळी मी केवढं भोकांड पसरायची! आमच्या केसांत हात घालताना तिला काय होत असेल, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं, तोवर ती गेली होती.