भाटकरांच्या कंबरेचा आकडा

लाभार्थी क्रमांक सात. श्री. गुरुप्रसाद धोंडू भाटकर, वय वर्षे सहासष्ट, राहणार रत्नागिरी. व्यवसाय: निवृत्त मासळी मोजणीदार. तक्रार: कंबरेच्या खालच्या भागात जुनाट वेदना, कालावधी अकरा वर्षे. कारण: दीर्घकाळ बैठे काम. उपाय: बैठे व्यायाम. सदर लाभार्थी स्वतः चालत केंद्रावर येतो, सूचना ऐकतो व सहकार्य करतो. वैवाहिक स्थिती: विधुर. अपत्ये: निरंक.

कारण आणि उपाय या दोन्ही रकान्यांत बसणंच आलं आहे, हे फॉर्म भरणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. भाटकरांच्या मात्र आलं. उभी नोकरी त्यांनी फॉर्म भरणाऱ्याच्याच बाजूला बसून काढली होती.

नोकरी अशी की, सकाळी होड्या लागल्या की बंदरावर ठेंगण्या स्टुलावर बसायचं, मांडीवर पॅड घ्यायचं आणि होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, उतरला की विचारायचं, "किती गावलं?" आता कोणताही तांडेल गावलेली मासळी पुरी सांगत नाही. पुरी सांगितली तर नजर लागते, उद्याचं जाळं रितं येतं. होडी बांगड्यांनी काठोकाठ भरलेली असली तरी उत्तर ठरलेलं, "कसलं काय वो, दोन टोपल्या. डिझेल पण सुटलं नाय." तो खोटं बोलतो असं कुणी समजत नाही. सांगायची रीतच तशी. भाटकर मान हलवायचे, होडी पाण्यात किती बसलीय ते बघायचे आणि दोनाचे पाच लिहायचे. तांडेलालाही ते ठाऊक असायचं. एकोणतीस वर्षं हे असं चाललं. सांगितलेला आकडा वेगळा आणि लिहायचा वेगळा, एवढं एकच शास्त्र भाटकरांना पुरतं अवगत झालं. त्या बदल्यात कंबर गेली.

कंबरेनंतर, सहा वर्षांपूर्वी, बायको सुनंदाबाई गेल्या. घरात आवाज करणारं माणूस तेवढंच होतं. मग मिक्सर उरला, पण एकट्याच्या चटणीसाठी मिक्सर कोण लावतो? भाटकर सकाळी पेज करायचे, दुपारी तीच संपवायचे. गॅसचा सिलिंडर आणणारा सोडला तर उंबऱ्याच्या आत कुणी येत नसे आणि भाटकर एवढंसं जेवायचे की सिलिंडरही तीन-तीन महिने संपत नसे.

अशात कुठल्याशा संस्थेनं समाजमंदिराच्या हॉलमध्ये कंबरदुखीवाल्यांसाठी वर्ग काढला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा. मंडपवाल्याकडून आणलेल्या बिनहाताच्या बारा खुर्च्या, त्यांवर बारा माणसं आणि समोर देवरूखहून एस.टी.नं येणारी मनाली नावाची फिजिओथेरपिस्ट.

"खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं. पावलं पूर्ण टेकवा. आता कंबर हळूच पुढे... हळूच मागे. झटका नको, काका. आपल्याला कुठलीही गाडी पकडायची नाहीये."

मग बसल्या बसल्या पावलं उचलायची, एकेक गुडघा सरळ करायचा, हात वर नेत श्वास घ्यायचा. शेवटी कंबरेतून वळायचं: आधी उजवीकडे, मग डावीकडे, दोन्हीकडे पाच मोजेपर्यंत थांबायचं. भाटकरांच्या डावीकडे भिंत होती. उजवीकडे सगुणाबाई होती. चाळीस वर्षं बाजारात उकिडवी बसून मासळी विकलेली. या वळण्यामुळे दोघांचं बोलणं पाच-पाच आकड्यांच्या तुकड्यांत चालायचं.

"अवो मोजणीवाले, आज काय खाल्लंत?"

"पेज."

मग दोघांनी डावीकडे वळायचं. भाटकर पाच आकडे भिंतीकडे बघायचे. पुन्हा उजवीकडे.

"नि पेजेबरोबर काय?"

"काही नाही."

भिंत. पाच आकडे.

"काही नाय म्हंजे? दर्याच्या तोंडावर ऱ्हाताव नि पेज कोरडी खाताव? मोठे मोजणीवाले! घरात एक सुकट मोजवत नाय."

पुढच्या शुक्रवारी तिनं कागदाच्या पुडीत सुकट आणली. भाटकरांनी ती डब्यात भरली आणि पुडीचा कागदही घडी घालून ठेवला.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी पाण्याची बादली घेऊन ते मागच्या दोन पायऱ्या चढले आणि वर आल्यावर लक्षात आलं की आपलं कण्हायचं राहून गेलं. ते परत खाली उतरले, पुन्हा चढले. दुखलं, पण नावापुरतं. अकरा वर्षांनी कंबर जाग्यावर आली होती. भाटकर बादलीशेजारी पायरीवर बसले आणि त्यांना चांगलीच काळजी वाटायला लागली.

कारण वर्गाचा एक नियम होता. दर मंगळवारी मनाली हातात टॅब घेऊन एकेका खुर्चीपाशी यायची. शून्यापासून दहापर्यंत आज किती दुखतंय ते सांगायचं. तीनच्या खाली गेलात की तुम्ही बरे. प्रशस्तिपत्र, टाळ्या आणि खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला. दोन आठवड्यांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांनी ऐटीत "दोन" असं सांगितलं होतं. टाळ्या झाल्या. शुक्रवारी त्यांच्या खुर्चीवर लांज्याच्या एक बाई बसल्या होत्या आणि शिक्षकांचं नावही कुणी काढलं नाही.

भाटकरांचा खरा आकडा दोन होता. मंगळवारपर्यंत त्यांनी त्यावर विचार केला. पाच सांगितले तर भागेल, हे कुणालाही सुचलं असतं. पण भाटकर पडले मोजणीदार. आपण सांगू तो आकडा ही पोरगी तसाच लिहील, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. दुखणं माणूस वाढवूनच सांगतं, ती निदान तीन तरी कापणार. म्हणजे पाच लिहून यायला हवे असतील तर आठ सांगायला हवेत.

"आज किती, काका?"

"आठ."

मनालीनं आठ लिहिले.

टॅबवर लाल चौकट आली. तिनं ती दोनदा वाचली. "काका, उठू नका. व्यायाम थांबवायचा. सहा आठवड्यांनी आठ म्हणजे हे तुम्हाला सोसत नाहीये. तुमचं नाव इथून काढून मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल."

"काढून?"

"तीन ते सातवाले लोक वर्गात राहतात. आठला बंद."

"तुम्ही आठ लिहिलेत?" भाटकरांनी विचारलं.

"तुम्ही आठ म्हणालात ना?"

"हो, पण तुम्ही तेवढेच लिहिलेत?"

मनालीला प्रश्नच कळला नाही. सगुणाबाईला कळला. ती म्हणाली, "अगो, त्यांका काय झालेलं नाय. मगाशी वाकून चपला काढल्यान, भिंतीला हात पण लावल्यान नाय. तांडेलावानी बोलतायत ते."

मनाली भाटकरांच्या समोर उकिडवी बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, हे अजून पुढे पाठवलेलं नाही. बदलता येतं. तुम्ही सांगाल तो आकडा लिहिते. कितीही. फक्त सांगा."

तीन ते सात, हे ती नुकतीच म्हणाली होती. पाच म्हटलं असतं तर खुर्ची राहिली असती. सगुणाबाई डोळ्यांनी तेच सुचवत होती. भाटकरांनी मनालीच्या बोटाकडे पाहिलं. बोट टॅबवर थांबलं होतं. सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं. तिच्याशी खोटं बोलणं एकदा जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेना.

"दोन," ते म्हणाले.

"नक्की?"

"बादली घेऊन पायऱ्या चढतो. दोनच."

लाल चौकटीची हिरवी झाली. शुक्रवारी प्रशस्तिपत्र मिळालं, टाळ्या झाल्या. "नुसतं येऊन बसलं तर चालेल का?" असं भाटकरांनी विचारलं. खुर्च्या बारा आणि माणसं बारा, असं मनाली वाईट वाटून म्हणाली. "माझ्या मांडीवर बसवू काय त्यांका?" असं सगुणाबाई म्हणाली आणि सगळे हसले. भाटकरही हसले, चपला घातल्या आणि घरी आले.

एक महिन्यानं संस्थेच्या मुंबईच्या कचेरीतून नियमाप्रमाणे पाठपुराव्याचा फोन गेला. लाभार्थीच्या निकटच्या नातेवाइकाशी बोलून अहवालात नोंद झाली ती अशी: प्रकृती समाधानकारक, व्यायाम घरी नियमित सुरू, मनःस्थिती उत्तम, कुटुंबाकडून दुजोरा मिळाला, प्रकरण बंद.

फोन भाटकरांनीच उचलला होता. नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचाच नंबर दिला होता.