ज्याने बाठा टाकला

आचऱ्याहून ओरोसला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक म्हातारा माझ्या शेजारी बसला. मांडीवर कागदांची फाईल, फाईलवर एकच आंबा. मधूनच तो आंबा नाकाशी धरायचा आणि डोळे मिटायचा.

आंबा त्याच्या कुंपणात आपोआप उगवलेल्या झाडाचा होता. पाऊस लागला तरी त्यात अळी पडत नाही, म्हणून एका रोपवाटिकेने करार पुढे केला होता. पाच वर्षं या झाडाची कलमं तिने बांधून विकायची आणि प्रत्येक कलमामागे म्हाताऱ्याला वाटा द्यायचा. आज सही करायची होती. फक्त एक रकाना कोरा होता. ‘वाणाचा निर्माता.’

"माजा नाव घाल म्हणतत," तो म्हणाला. "पण बाठो माज्या कुंपणात टाकलो कोणी? वाटेन जाणाऱ्या कोणीतरी आंबो खाल्लो नि टाकलो. तेका आता खंय शोधू?"

माडांच्या सावल्या त्या कोऱ्या रकान्यावरून सरकत राहिल्या. शेवटी त्याने माझं पेन मागून घेतलं आणि सावकाश लिहिलं, ‘वाटसरू’. मग हलका झाल्यासारखा हसला आणि आंबा माझ्या हातात ठेवला.

मी तो चोखून खाल्ला आणि बाठा गुंडाळायला कागद शोधू लागले.

"कागद कित्याक? टाक गो खिडकीतसून."

बस एका वळणावर होती. मी टाकला.

आता रोज त्या वळणावर मी बाहेर बघते. अजून काही उगवलेलं नाही. उगवलंच, तर ज्याने आंबा दिला त्याचं नाव मला लिहावं लागेल. आणि ते मी विचारलंच नाही.