बोट लावणारे शेजारी

माझ्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेचं इंजिन अडलं, की शेजारचे गृहस्थ त्याला बोटानं ढकलतात आणि म्हणतात, "चालली की!" ढकलू नका, बिघाड सापडू द्या, हे मी कितीदा सांगितलं. ते मान डोलावतात आणि पुन्हा बोट पुढं करतात.

गेल्या गणपतीत ही रेल्वे सोसायटीच्या आराशीत होती. ऐन आरतीत इंजिन गचके खाऊ लागलं, मध्येच पळालं आणि बंद पडलं. सगळे माझ्याकडं बघू लागले. तेवढ्यात हे शेजारी म्हणाले, "माझंच बोट लागलं वाटतं. लई वाईट खोड हाय." मी इंजिन उचलून खोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं, तर चाकांच्या दांडीवर धाग्यांचा गुंता. रूळ मीच कोऱ्या टॉवेलनं पुसले होते. नव्या टॉवेलचे तंतू सुटतात, हे सोलापुरात जन्म काढून मला सुचलं नाही! त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "असू द्या की, सर."

सोसायटीनं मात्र आराशीच्या दिव्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. वर्षानुवर्षं हे काम ते हौसेनं करत.

यंदाच्या बैठकीत मी उभं राहून खरं काय ते सांगितलं. मागून यांचाच आवाज आला, "बसा की सर! मला सांभाळून घ्यायलेत. लई मऊ मनाचा माणूस!" टाळ्या पडल्या, त्याही मला. दिवे दुसऱ्याकडंच राहिले.

म्हणून हे लिहून सोसायटीच्या फलकावर लावतो आहे. इथं तरी त्यांना मध्ये बोलता येणार नाही.