पपनसांची वेबसाइट आणि पेइचेनचा जळफळाट

पेइचेन तायनान शहरात लोकांना वेबसाइट करून देते. वीस वर्षं हाच धंदा. हात स्वच्छ, जीभ तिखट. यीश्वेनचं नाव निघालं की मात्र तिच्या पोटात दुखायला लागतं. हा पोरगा एकेकाळी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून तिच्याकडूनच काम शिकला, आणि आज त्याची स्वतःची होस्टिंग कंपनी आहे, लोकांच्या वेबसाइट आपल्या यंत्रांवर ठेवणारी, दोन मजली.

यंदा जवळच्या मादो गावच्या ल्याओ मावशींना आपली पपनसं इंटरनेटवर विकायची होती. पौर्णिमेच्या सणाला घरोघरी पपनस लागतं, म्हणून त्याआधी दहा दिवस विक्री. ते हुकले की वर्षाचा माल बागेत सडणार. वेबसाइट कुठल्या कंपनीत ठेवायची, हे ठरवायचं काम पेइचेनचं. तिनं तीन कंपन्यांचा तक्ता मांडला: वेग, रोजचा बॅकअप, अडचणीत फोन कोण उचलतं. तिन्ही रकान्यांत यीश्वेन पहिला. तिनं तक्ता पुन्हा मांडला. तरीही मेला पहिलाच.

मग ती त्याची सर्व्हरची खोली बघायला गेली. खोट काढायलाच गेली म्हणा ना. यंत्रांवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतंच. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून सगळेच ते ठेवतात, आणि तारीख उलटायच्या आत बदलतात. इथे तारीख उलटून दोन महिने झाले होते! पेइचेनला इतका आनंद झाला की वाटेत तिनं माशाच्या पेजेचा दुसरा वाडगा मागवला.

"मावशी, यीश्वेनकडचं पाकीट शिळं आहे."

"शिळं? अगं बाई! मग नको गं तिथे. देवापुढे कोणी शिळी फुलं ठेवतं का?"

झालं. तक्ता केलाय एवढंच ती म्हणाली, दाखवला मात्र नाही. वेबसाइट तायपेच्या एका कंपनीत गेली, तक्त्यातल्या तिसऱ्या.

विक्री सकाळी नऊला सुरू झाली आणि सव्वानऊला वेबसाइट बंद पडली. तायपेचा फोन "आपण रांगेत चौतिसावे आहात" एवढंच सांगत राहिला. खोकी भरायला आलेल्या बायका शेडमध्ये हातावर हात ठेवून बसल्या. मावशींचा चेहरा बघवेना. शेवटी नाक मुठीत धरून पेइचेननं यीश्वेनला फोन लावला.

"ताई, फाइली पाठवा. बाकी मी बघतो."

तो बघत होता तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला क्षणभर वाटलं की याचंही बंद पडावं. पपनसं सडली तरी चालतील, पण याला जमू नये. मग तिची तिलाच लाज वाटली.

दहाला वेबसाइट सुरू झाली. अकरापर्यंत चारशे खोकी गेली. मावशींनी यीश्वेनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"देवमाणूस आहेस रे बाबा! काय गं पेइचेन, तू तक्ता केला होतास म्हणालीस ना? त्यात हा कितवा होता?"

पेइचेन उत्तर जुळवतेय तोवर यीश्वेनच बोलला.

"शेवटचाच असणार, मावशी. तेव्हा आमचं काम कच्चं होतं. ताईंनी केलं ते बरोबरच केलं."

त्याची कंपनी, त्याचे दोन मजले, सगळं तिनं कसंबसं सोसलं होतं. आता मेल्याचं मनही मोठं निघालं. हे मात्र तिला सोसवेना.

"पहिला होता, मावशी," ती जवळजवळ ओरडलीच. "तिन्ही रकान्यांत पहिला."