पिंपापाशी प्यायलेली ओंजळ

बाळांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, पिंप हा शब्द कुठला?" अर्थ सोपा आहे: पाणी किंवा तेल साठवायचं मोठं, उभट भांडं. शब्दकोश सांगतो की तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे दारूच्या लाकडी पिंपाला पिपा म्हणत. ते वाचताना मला मात्र गंजलेल्या पत्र्याचा आणि ओल्या पोत्याचा वास आला.

सत्तरच्या दशकातला तो दुष्काळी उन्हाळा. सासरे रेल्वेत होते, म्हणून अनसिंग गावातल्या आमच्या बौद्ध घरी स्टेशनवरून बैलगाडीने पाणी येई. दारातलं पिंप थंड राहावं म्हणून आम्ही त्याला ओलं पोतं गुंडाळत असू.

एका दुपारी मोठ्या शेतकऱ्याघरच्या गंगाबाई रिकामी घागर घेऊन अंगणाबाहेर थांबल्या. त्यांची विहीर आटली होती आणि सून नुकतीच बाळंत झाली होती. तोवर आमच्या हातचं पाणी त्यांच्या घरी चालत नसे.

"बाहीर काहून उभी राह्यली माय?" सासूबाई म्हणाल्या. "आजी झाली अन् साखर नाही आनली?"

"साखर आनतो वं. बाळंतिनीले पानी पाह्यजे."

"मंग घे ना भरून, तुह्या हातानं."

गंगाबाईंनी लोटा बुडवून घागर भरली. मग ओंजळभर पाणी तिथेच प्यायल्या.

तेव्हा वाटलं, तहान लागली असेल. आज वाटतं, सुनेला पाजण्याआधी ते आमच्यादेखत स्वतः प्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पिंप म्हटलं की मला पोर्तुगीजांचं जहाज दिसत नाही, ती ओंजळ दिसते.