संगमनेरच्या दोन खोल्या

रिटायर होणाऱ्या माणसाला किती पैसे मिळणार, हे त्याच्याआधी त्याच्या गावाला कळतं. मग कुणी जावयाच्या धंद्यात भागीदारी सुचवतं, कुणी ट्रॅक्टर सुचवतं, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो "आता काय, तुमचीच मजा" म्हणून फुकटचा चहा पिऊन जातो. विजयमालाबाईंनी मात्र कुणाला काही सुचवू दिलं नाही. त्यांचा बेत पक्का होता आणि तो पोटात होता. पोटात ठेवला हीच चूक झाली, पण ते नंतर कळलं.

तिसगावजवळच्या एका गावात बाई आरोग्यसेविका होत्या. सासरही तेच, नोकरीही तिथंच. अख्ख्या गावाला टोचलेली बाई. लस देताना पोर रडलं तर त्या पोराला नाही, त्याच्या आईला रागवायच्या. एकदा सरपंचाला सुई देताना म्हणाल्या होत्या, "दंड ढिला सोडा, खुर्ची सोडा म्हणत नाही मी." अशी जीभ. पण थोरले दीर आप्पासाहेब समोर आले की डोक्यावर पदर यायचा आणि ती जीभ टाळूला चिकटायची.

त्याला कारण होतं. मुलगा सुनील शाळेतही जात नव्हता तेव्हा बाईंचे मालक, कल्याणराव, मोटरसायकलवरून पडून गेले. भावकी म्हणाली, तिला माहेरी धाडा. आप्पा म्हणाले, ती नोकरी करंल आन् हितंच ऱ्हाईल. पुढं कुणी न मागता त्यांनी भावाच्या वाट्याची जमीन सुनीलच्या नावावर करून दिली. बायकोच्या, म्हणजे साळूबाईंच्या बरोबरीनं पोराला वाढवलं. असे उपकार फिटत नसतात. त्यांच्यापुढं मान खाली घालायची, एवढंच माणसाच्या हातात असतं.

आता बेताचं सांगतो. लग्नाआधी बाईंची पहिली नेमणूक संगमनेरच्या बाजूला होती आणि वर्षभर त्या संगमनेरात एक खोली घेऊन राहिल्या होत्या. एक खाट, एक स्टोव्ह, रस्त्यावरची खिडकी. किती वाजता आलीस, उशीर का झाला, भाकरी टाकल्यास का, असं विचारणारं कुणी नाही. तेव्हा त्याचं काही अप्रूप वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं, आयुष्य हे असंच असणार. ते वर्ष गेलं आणि तसा एक दिवससुद्धा पुन्हा वाट्याला आला नाही.

तर नोकरी संपल्यावर संगमनेरला दोन खोल्या घ्यायच्या आणि स्वतःपुरतं राहायचं. त्यासाठी बाईंनी फंडात पगारातून जादा पैसे कापून घेतले. जावांनी पाटल्या केल्या, यांनी केल्या नाहीत. महिन्याचा खर्च पेन्शनीवर आणि निवृत्तीच्या वेळी जी रक्कम एकदम हातात येईल त्यात घर, असं साधं गणित होतं. सून मोनिकाला घेऊन त्या गुपचूप फ्लॅटही पाहून आल्या. मोनिकानं नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या. बाई नुसत्या गॅलरीत उभ्या राहिल्या. बुकिंगचे पैसे भरले. सुनील पुण्याला कंपनीत होता, तो म्हणाला, आई, पैसे तुझे आहेत, मी कोण विचारणारा. राहता राहिले आप्पा.

त्यांना सांगायला बाई किती वेळा गेल्या! कधी आप्पा जेवत असायचे, कधी त्यांची शुगर वाढलेली असायची. साळूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, आप्पांच्या दोघी मुली आपापल्या सासरी. रोज सकाळी आप्पांना इन्सुलिन द्यायला बाईच जायच्या, आणि हातात सुई असताना, मी हे गाव सोडून चालले, असं कसं सांगणार? शिवाय धाकट्या भावाची विधवा दुसऱ्या गावात एकटी राहते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, सेवापूर्तीचा समारंभ होऊ दे, मग सांगू.

समारंभ दणक्यात झाला. चौकात फ्लेक्स लागला, मांडव पडला, बुंदी आणि आमटी-भाताच्या पंगती उठल्या. भाषणं करणाऱ्यांनी बाईंना हरभऱ्याच्या झाडावर पार शेंड्यापर्यंत चढवलं. शाली इतक्या पडल्या की त्या उन्हात बाईंना चक्कर यायची बाकी राहिली. आणि मग जन्मात कधी भाषण न केलेले आप्पा उठले आणि त्यांनी माईक मागितला.

"मारुतीपुढचा सभामंडप किती वर्सं तसाच पडलाय, तुमी बघताय," आप्पा म्हणाले. "त्यो आता आमच्या कल्यानच्या नावानं पुरा हुनार. विजयमाला बांदून देनार हाय. तिच्या मनात लई दिसांपासून हुतं."

टाळ्यांनी मांडव हलला. देवस्थान कमिटीचे लोक उभे राहिले. बाईंनी सुनीलकडे पाहिलं, तर तो पायाच्या बोटांकडे बघत होता. आता मनोगताची पाळी बाईंचीच होती. मोनिकानं माईक हातात देता देता कानात सांगितलं, "आई, आत्ताच बोला. नंतर जमायचं नाही."

पोरगी खरं बोलत होती. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्या कल्याणरावांचं नाव ऐकून डोळ्याला पदर लावत होत्या. नवऱ्याच्या नावाचा मंडप नको, मला गॅलरी पाहिजे, हे कुठली बाई माईकवर म्हणेल? आणि आप्पांना गावासमोर खोटं कसं पाडेल? इकडं आड, तिकडं विहीर. बाईंनी माईक तोंडाजवळ नेला. "आप्पांनी सांगितलं, तसंच होईल," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं गळ्यात हार घालून दिला होता.

त्यानंतर कुणाचं काही चाललं नाही. बायका रस्त्यात पाया पडू लागल्या. ठेकेदार अंदाजपत्रक घेऊन आला. कमिटीला फरशी चालेना, संगमरवर पाहिजे झाला. संगमनेरच्या बिल्डरचा फोन यायचा तो बाई उचलायच्या नाहीत, मग तो पुण्याला मोनिकाला करायचा. ती सुनीलवर चिडली, तुम्ही तरी आप्पांशी बोला म्हणाली. सुनील चप्पल घालून बाहेर गेला. पेन्शन होती, पोटाला कमी पडणार नव्हतं, हे खरंच आहे. पण नुसत्या पोटासाठी कुणी इतकी वर्षं मन मारत नाही.

काही महिन्यांनी रक्कम बँकेत जमा झाली आणि त्या दुपारी बाईंना धीर आला. अजून चेक दिला नव्हता. त्या आप्पांच्या ओट्यावर गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसल्या. सगळं सांगितलं. ती जुनी खोली, गॅलरी, बुकिंग. मधे थांबल्या नाहीत. मंडपाला जमेल तेवढी वर्गणी देते, बाकीचं मला माझ्यासाठी ठेवू द्या, म्हणाल्या.

आप्पा खालमानेनं ऐकत होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "सुनीलनं दिवाळीतच सांगितलं हुतं."

म्हणजे मांडवात घडलं ती चूक नव्हती, गैरसमज नव्हता. सुनील साधा, मागाहून आप्पांना वाईट वाटू नये म्हणून सांगून बसला असणार. पण आप्पांनी जाणूनबुजून केलं! इतक्या वर्षांत कधी आला नव्हता असा राग बाईंना आला.

"मग एकदा मला विचारायचं तरी, आप्पा."

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. भावाच्या मयताला न रडलेला माणूस.

"इचारलं असतं तर तू गेली असती," ते म्हणाले. "मंग मला कोन हाय?"

ते खरं होतं, हे बाईंनाही ठाऊक होतं. विचारलं असतं तर त्या गेल्याच असत्या. राग धरायला माणूस थोडा तरी परका असावा लागतो. बाईंनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि त्या उठल्या.

सोमवारी कमिटीची माणसं आली. चेकवर आपली सही नेहमीसारखीच आली, याचंच बाईंना नवल वाटलं.