खिडकीची जागा

नवनगरच्या बसमध्ये अण्णा कायम खिडकीशी बसायचे आणि नवी मोटार दिसली की शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायचे. “नोड तम्मा, बघ भावा, आपली जाळी चालली.” मोटारीच्या तोंडावरची काळी जाळी पूर्वी लोखंडी असायची, आता प्लास्टिकची आली होती आणि ती आमच्या हुबळीच्या कारखान्यात बनायची. मशीनवर अण्णाच माझे उस्ताद. साच्यातून निघालेली प्रत्येक गरम जाळी ते नाकाशी धरून हुंगायचे.

मी जालन्याकडचा, नववीतच शाळा सोडलेला. नव्या साच्याची चाचणी माझ्याकडे आली. संध्याकाळी मोटार कंपनीची माणसं नमुना बघणार होती आणि जमलं नाही तर गावी जा, असं मालकांनी बजावलं होतं.

साचा उघडला तर जाळी अर्धीच भरलेली. ती लपवून भंगारात टाकायला निघालो, तर अण्णांनी हात धरला. सकाळच्या पूजेचं हळदकुंकू तिला लावून त्यांनी ती मशीनवर टांगली.

“पहिली कधी पुरी येतीय काय रे? माझी तर चतकोर आली होती. उष्णता वाढव.”

मी उष्णता वाढवली आणि पुढची जाळी अख्खी निघाली, चकचकीत, काठासकट. अण्णांनी हुंगून माझ्या हातात दिली. चटके बसत होते, तरी खाली ठेववेना.

संध्याकाळी नमुना पसंत पडला. परतताना अण्णांनी खिडकीची जागा मला दिली आणि शेजारी मांडी सैल सोडून बसले. उणकलच्या थांब्यापाशी पहिली नवी मोटार दिसली, आणि मी थाप मारली.